१५ रुपयांचा सातबारा : मिळतो झटपट, सुधारतो सावकाश

सातबारा घरबसल्या काढायची सोय ही महाराष्ट्र शासनाच्या ऑनलाइन सेवांपैकी सर्वांत जास्त उपयोगी पडणारी सेवा आहे, आणि ती चांगली चालते. मात्र उतारा हातात पडणं वेगळं आणि त्या उताऱ्यावरची नोंद बरोबर असणं वेगळं. पहिल्या कामाला आता १५ रुपये आणि पाच मिनिटं पुरतात. दुसऱ्या कामाला आजही तलाठी, मंडळ अधिकारी आणि तहसीलदार यांच्या टेबलांवरूनच जावं लागतं. पीककर्ज, विमा, हमीभावाची खरेदी, अतिवृष्टीची मदत ही सगळी कामं याच कागदावर अडतात किंवा सुटतात. म्हणून या परीक्षणात नुसता उतारा न पाहता त्याच्या मागेपुढे असलेल्या सेवाही पाहिल्या आहेत : दुरुस्तीसाठी ई-हक्क, पेऱ्यासाठी ई-पीक पाहणी आणि नव्याने आलेला शेतकरी ओळख क्रमांक.

उतारा काढताना

सातबारा दोन ठिकाणी दिसतो आणि तिथे बऱ्याच जणांची गल्लत होते. 'महाभूलेख'वरचा उतारा फुकट आणि विनासहीचा. गट क्रमांक आणि मोबाइल क्रमांक टाकला की तो पडद्यावर येतो. नाव बरोबर लागलंय का, बोजा (कर्जाची नोंद) उतरलाय का, एवढं बघायला तो पुरेसा आहे. बँकेत किंवा कोर्टात तो चालत नाही. दुसरा 'महाभूमी'वरचा, डिजिटल सहीचा. तो १ मे २०१८ला सुरू झाला. एका उताऱ्याला १५ रुपये पडतात. आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि फेरफाराचा (जमिनीवरच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचा) उताराही त्याच दरात मिळतो.

रीत सोपी आहे. नोंदणी करून खातं उघडा किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून आत जा. आधी खात्यात पैसे भरायचे, मग जिल्हा, तालुका, गाव आणि गट निवडायचा आणि फाइल उतरवून घ्यायची. ही फाइल ७२ तासच उपलब्ध राहते. ती लगेच मोबाइलमध्ये साठवावी आणि स्वतःला मेल करून ठेवावी, कारण मुदत उलटली की त्याच उताऱ्यासाठी पुन्हा पैसे भरावे लागतात.

गट शोधताना लोक अडतात ते बहुधा एकाच कारणाने. तुमचा गट ११२/२/अ असेल तर रकान्यात नुसतं ११२ टाका. पोटहिस्से खाली यादीत येतात, त्यातून आपला निवडा. पूर्ण क्रमांक टाकला तर काहीच सापडत नाही आणि माणूस घाबरतो. गावाच्या नावापुढचं बुद्रुक-खुर्द नीट बघा. नावाने शोधायचं असेल तर आधी फक्त आडनाव टाकून यादी पाहावी, कारण जुन्या नोंदीत 'सखूबाई'चं 'सखुबाई' किंवा 'विठ्ठल'चं 'विठल' झालेलं असतं आणि संगणक अक्षराला अक्षर जुळवून बघतो. गावठाणाला किंवा शहराला लागून असलेल्या जमिनीचा सातबारा सापडत नसेल, तर तिथे नगर भूमापन होऊन मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) उघडली गेली आहे का, ते आधी तपासा.

पैसे कापले गेले पण खात्यात शिल्लक दिसत नाही, ही तक्रार जुनी आहे. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा भरू नये. व्यवहार क्रमांक टिपून ठेवावा, पोर्टलवर त्या व्यवहाराची स्थिती तपासावी आणि बँकेचं उत्तर येईपर्यंत थांबावं. रक्कम लहान असली तरी सेवा केंद्रात दिवसाला पन्नास उतारे काढणाऱ्याला हा घोळ महागात पडतो.

कधी कधी गट सापडतो, पण डिजिटल सहीचा उतारा उपलब्ध नसल्याचा संदेश येतो. याचा अर्थ बहुतेक वेळा त्या गटावर फेरफाराचं काम चालू असतं, किंवा हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा यांत तफावत निघालेली असते. उदाहरणार्थ, गटाचं एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नाही. असा संदेश चार दिवस वाट पाहून जात नाही. तलाठ्याकडे जाऊन नेमकी त्रुटी कोणती, ते विचारावं लागतं. पोर्टलने ही त्रुटी त्याच ठिकाणी, खातेदाराला समजेल अशा भाषेत दाखवली तर निम्मे हेलपाटे वाचतील. ही या सेवेतली सर्वांत खटकणारी उणीव आहे.

सहीच्या वादाबद्दल. बँकेतल्या खिडकीवर 'तलाठ्याचा शिक्का आणा' असं ऐकून परत आलेले शेतकरी कमी नाहीत. डिजिटल सही असल्यामुळे वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही, हे उताऱ्यावरच छापलेलं असतं. डिसेंबर २०२५मध्ये महसूल विभागाने ते आणखी पक्कं केलं : डिजिटल सही, क्यूआर कोड आणि १६ अंकी पडताळणी क्रमांक असलेला उतारा सरकारी, निमसरकारी, बँकेच्या आणि न्यायालयीन कामांसाठी ग्राह्य धरायचा. कोणी अडवलं तर वाद न घालता तो १६ अंकी क्रमांक दाखवावा आणि पोर्टलवर समोरच पडताळून घ्यायला सांगावं. जमीन विकत घेणाऱ्याने तर हे केलंच पाहिजे. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर भरवसा न ठेवता स्वतः १५ रुपये भरून ताजा उतारा काढावा.

उतारा वाचताना

२०२०मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला आणि तो बदल उत्तम झाला. पूर्वी अनेक फेरफार क्रमांक नावांच्या आजूबाजूला गोल करून विखुरलेले असायचे. आता जुने फेरफार शेवटी एका रकान्यात एकत्र दिले जातात. खाते क्रमांक नावाशेजारी आला. मयत खातेदार आणि फिटलेले बोजे पूर्वी फक्त कंसात असत, आता त्यांच्यावर आडवी रेघ मारलेली दिसते. गावाचा कोड क्रमांक आला. लागवडीचं क्षेत्र आणि पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन) यांची एकूण बेरीज दिसू लागली. आणि सगळ्यांत कामाची भर म्हणजे शेवटचा फेरफार क्रमांक त्याच्या तारखेसह, आणि एखादा फेरफार प्रलंबित आहे की नाही याचा उल्लेख.

उतारा हातात आला की नजर आधी याच शेवटच्या ओळींवर टाकावी. फेरफार प्रलंबित असेल तर वरची नावं बदलायच्या वाटेवर असू शकतात. मग भोगवटादार वर्ग, म्हणजे जमीन कोणत्या अटींवर धारण केली आहे, तो बघावा. वर्ग १ असेल तर हस्तांतराला सहसा अडचण नसते. वर्ग २ असेल तर विक्रीआधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि ती न घेता केलेलं खरेदीखत पुढे मोठं दुखणं होऊन बसतं. त्यानंतर इतर हक्कांचा रकाना : सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, वहिवाटीचा रस्ता, विहिरीतला हिस्सा, न्यायालयाचा मनाई आदेश. बरेच जण पहिल्या पानावरची नावं वाचून थांबतात, पण धोका या रकान्यात असतो.

क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. १.२१.०० म्हणजे १ हेक्टर २१ आर, म्हणजेच १२१ आर. एक एकर म्हणजे साधारण ४०.४७ आर, म्हणून हे तीन एकरांना किंचित कमी भरतं. एक गुंठा म्हणजे जवळपास एक आर, आणि एकरात ४० गुंठे. पोटखराबाचे दोन प्रकार येतात. वर्ग 'अ' म्हणजे खडकाळ, नाल्याची, खळ्याची किंवा गोठ्याची जागा. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, कालवा, स्मशान अशा सार्वजनिक कामासाठी गेलेली.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यावरची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण मालकीचा शेवटचा पुरावा म्हणून ती उभी राहत नाही. खरेदीखत, वाटणीपत्र आणि जुने फेरफार सोबत बघावेच लागतात. 'आपले अभिलेख' या शासनाच्या संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांचे जुने स्कॅन केलेले फेरफार आणि हस्तलिखित सातबारे मिळतात. तिथे शोधायला वेळ लागतो आणि काही पानं पुसट असतात, तरी पन्नास वर्षांपूर्वीचा कागद रेकॉर्ड रूममध्ये खेटे न घालता समोर येणं ही मोठी गोष्ट आहे.

ई-हक्क आणि फेरफार : इथे गाडी हळू चालते

नोंदणीकृत खरेदीखत असेल तर वेगळा अर्ज लागत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयातून माहिती थेट तलाठ्याच्या प्रणालीत येते. वारस नोंद, मयताचं नाव कमी करणं, बोजा चढवणं किंवा उतरवणं, अज्ञान पालनकर्त्याचा (अल्पवयीन खातेदाराच्या पालकाचा) शेरा काढणं, एकत्र कुटुंब मॅनेजरची (घराच्या कर्त्याची) नोंद कमी करणं, संगणकीकरणातली चूक दुरुस्त करणं या कामांसाठी ई-हक्क प्रणालीवर अर्ज करता येतो. कागद स्कॅन करून जोडायचे आणि पोच क्रमांक जपून ठेवायचा. त्याच क्रमांकावर अर्ज कुठपर्यंत पोहोचला ते दिसतं.

अर्ज परत येतात ते बहुतेक कागदांमुळे. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं, वयं, पत्ते आणि मयताशी नातं असलेलं प्रतिज्ञापत्र, शिवाय मयताच्या सगळ्या गटांचे उतारे लागतात. 'सर्व' या शब्दावर जोर द्यायला हवा. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं वगळून केलेला अर्ज पुढे हमखास तक्रारीत जातो. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवावं असं कलम १४९ सांगतं, तरी आजोबांच्या नावावरचे सातबारे गावोगाव आहेत. २०२५मध्ये राज्यभर राबवलेल्या 'जिवंत सातबारा' मोहिमेने यातल्या पुष्कळ नोंदी मार्गी लावल्या. ही मोहीम ऑनलाइन सेवेला मिळालेली खरी जोड होती, कारण तिथे तलाठी स्वतः गावात चावडीवाचन करून मयत खातेदारांची यादी तयार करत होता. पोर्टल अर्जाची वाट पाहतं, आणि ज्याला अर्ज करता येत नाही तो तसाच राहतो.

बोजा उतरवायचा असेल तर कर्ज फेडलं तेव्हाच बँकेकडून किंवा सोसायटीकडून बेबाकी दाखला घ्यावा आणि तो जोडून अर्ज टाकावा. दाखला ट्रंकेत ठेवून दिला तर बोजा सातबाऱ्यावर तसाच राहतो, आणि पुढचं कर्ज मागताना आठवण येते.

फेरफार नोंदवला की हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. या नोटिसा 'आपली चावडी' या ऑनलाइन सूचना फलकावर घरबसल्या बघता येतात. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. परगावी किंवा परदेशी राहणाऱ्या खातेदाराने दर पंधरवड्याला आपल्या गावाचं हे पान उघडून बघावं. आपल्या गटावर कोणी नोंद घालत असेल तर हरकत मुदतीतच घेता येते. हरकत आली की प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. कागदोपत्री हे काम महिन्याच्या आत व्हायला हवं. प्रत्यक्षात तलाठ्याकडे दोन-तीन गावं, त्यात निवडणुका, पंचनामे आणि योजनांच्या याद्या, त्यामुळे वेळ लांबतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण कामाचा डोंगर तेवढाच राहिला आहे.

लेखनातली चूक, म्हणजे संगणकात भरताना बदललेलं नाव किंवा क्षेत्र, कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशाने दुरुस्त होतं. अर्जासोबत चूक होण्याआधीचा हस्तलिखित सातबारा आणि संबंधित फेरफार जोडला तर काम सरळ होतं. मात्र हे कलम लेखनप्रमादापुरतंच आहे. वाटणीचा वाद त्यातून सोडवायला गेलं की अर्ज फेटाळला जातो. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित असलेली सेवा मुदतीत मिळाली नाही, तर पहिलं आणि दुसरं अपील खात्यातच आणि तिसरं आयोगाकडे करता येतं. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. पोच क्रमांक नसेल तर यातलं काहीच करता येत नाही. म्हणून तोंडी अर्जावर कधीही समाधान मानू नये.

ई-पीक पाहणी

१५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर शेतकऱ्याने मोबाइल ॲपवर स्वतः पेरा नोंदवायचा आहे. कल्पना चांगली आहे. पूर्वी पाहणी बांधावर न जाताच भरली जायची आणि सोयाबीनच्या रानात कागदावर ज्वारी लागायची. आता पीक फोटोसह नोंदतं आणि गावातल्या प्रत्येकाला 'गावची पीक पाहणी'त बघता येतं. पण नोंद चुकली किंवा राहिली तर त्याचा भार आता शेतकऱ्यावर आला आहे. विमा भरलेलं पीक आणि सातबाऱ्यावरचं पीक जुळलं नाही तर दावा अडतो. हमीभावाच्या केंद्रावर तूर किंवा सोयाबीन नेताना सातबाऱ्यावर त्या पिकाची नोंद मागितली जाते.

ॲपमध्ये खातं, गट आणि हंगाम निवडायचा. मग पिकाचा वर्ग : निर्भेळ की मिश्र. नंतर क्षेत्र, सिंचनाचं साधन, ठिबक-तुषार की प्रवाही, लागवडीची तारीख आणि शेवटी फोटो. क्षेत्रात सर्वाधिक चुका होतात. दीड एकराला '१.५' लिहिलं तर ते दीड हेक्टर होतं, म्हणजे पावणेचार एकरांच्या आसपास. दीड एकर म्हणजे ०.६१ हेक्टर, एक एकर म्हणजे ०.४०, वीस गुंठे म्हणजे ०.२०. सामाईक खात्यात प्रत्येकाने आपापल्या वहिवाटीपुरतंच क्षेत्र भरावं. पहिल्या भावाने सगळं क्षेत्र भरलं की दुसऱ्याला शिल्लक शून्य दिसतं. पडीक रान कायम पड किंवा चालू पड म्हणून नोंदवावं. बांधावरच्या झाडांसाठी वेगळा पर्याय आहे. आंबा, साग, चंदन असेल तर तो भरावाच.

नव्या डीसीएस (डिजिटल क्रॉप सर्व्हे) ॲपमध्ये फोटो गटाच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आत काढावा लागतो. घरी बसून नोंद करण्याला त्यामुळे आळा बसला, हे बरं झालं. त्रास वेगळाच आहे. अनेक गावांत पोटहिस्से सातबाऱ्यावर पडले, पण मोजणी होऊन नकाशावर आले नाहीत. शेतकरी आपल्या रानात उभा असतो आणि ॲप त्याला गटाबाहेर दाखवतं. आभाळ भरलेलं असताना किंवा दाट झाडीत जीपीएसही भरकटतं. उपाय असा : मोकळ्या जागी, शक्यतो गटाच्या मध्यावर उभं राहावं, मोबाइलचं लोकेशन 'अचूक'वर ठेवावं आणि दोन-तीन मिनिटं थांबून मग फोटो घ्यावा. रेंज नसेल तर माहिती भरून ठेवता येते आणि गावात आल्यावर अपलोड करता येते. अपलोड झालं का ते मात्र तपासावं; मोबाइलमध्ये अडकून पडलेली नोंद सातबाऱ्यावर कधीच येत नाही. चूक ४८ तासांत स्वतः दुरुस्त करता येते. त्यानंतर तलाठ्याकडे जावं लागतं.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यावर विसंबू नये. खरीप २०२५साठी शेतकऱ्यांची मुदत १ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर होती आणि ती पुढे वाढवावी लागली, कारण शेवटच्या दिवसांत सर्व्हरवर ताण येतो. राहिलेल्यांची नोंद गावासाठी नेमलेला सहायक करतो. तो आपल्या गटापर्यंत पोहोचला का आणि त्याने कोणतं पीक टाकलं, हे गाव नमुना १२ (सातबाऱ्यातला पिकांच्या नोंदीचा भाग) उघडून स्वतः बघावं.

शेतकरी ओळख क्रमांक

१५ एप्रिल २०२५पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी हा ११ अंकी क्रमांक सक्तीचा झाला. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घ्यायचा, आपले गट शोधून जोडायचे आणि महसूल यंत्रणेच्या मंजुरीची वाट पाहायची. दोन चुका सतत दिसतात. दुसऱ्या गावातला किंवा तालुक्यातला गट जोडायचा राहून जातो, आणि मग त्या रानाची मदत येत नाही. आणि आधारवर 'पांडुरंग' तर सातबाऱ्यावर 'पांडूरंग' असल्याने नाव जुळत नाही. अशा वेळी आधार बदलायचा की सातबारा, हे आधी ठरवावं. खरेदीखतावर जे नाव आहे ते कायम ठेवून दुसरं सुधारणं सोपं जातं.

सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांना हा क्रमांक मिळत नाही. नवऱ्याच्या नावावरची जमीन आयुष्यभर कसणारी बाई, तोंडी बटाईने रान करणारा भूमिहीन, वाटणी न झालेल्या घरातला धाकटा भाऊ हे सगळे योजनांच्या बाहेर राहतात. पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायला लक्ष्मी मुक्ती योजना आहे. पतीने स्वतः तहसीलदारांकडे अर्ज द्यायचा असतो. या योजनेबद्दल सेवा केंद्रांत फारशी माहिती दिली जात नाही. ओळख क्रमांक काढायला पती-पत्नी केंद्रात आले की तिथेच हा अर्ज पुढे करता येण्यासारखा आहे, आणि महसूल विभागाने सेवा केंद्रांना तशी सूचना द्यावी.